आधी सांगायचे, मग हात लावायचा

आमच्या मुंबईतल्या घोडपदेवच्या खोलीत पलंगाची जागा ठरलेली होती. १० बाय १२ च्या खोलीत पलंग भिंतीला चिकटूनच असतो, कारण तो मधे घेतला तर दिवसा माणसांनी बसायचे कुठे आणि रात्री अंथरुणे घालायची कुठे, हा प्रश्न उभा राहतो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघाताचा झटका आला आणि अठरा दिवसांनी आम्ही त्यांना रुग्णालयातून घरी आणले, तेव्हा त्याच पलंगावर, त्याच भिंतीला लागून निजवले. मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला होता, त्यामुळे अंगाची डावी बाजू लुळी पडली होती; बोलणे जड झाले होते, पण समज शाबूत होती. घरी आल्यावर त्यांनी एकदा छताकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले. आता सगळे आपल्या हातात आहे, असे मला त्या क्षणी वाटले आणि त्याची भीतीही वाटली.

घरी सोडतानाच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ होती: दर दोन तासांनी कूस बदलावी. ती कशी बदलावी, हे कुठेच लिहिलेले नव्हते. वॉर्डात दोन मामा (वॉर्डबॉय) किंवा एक मामा आणि एक मावशी (आया) येत, दोन्ही बाजूंनी चादर धरत आणि आबा अलगद वर सरकत, हे मी अठरा दिवस पाहिले होते. पण मी पाहिले ते फक्त त्यांचे हात. त्यांचे पाय कुठे असतात, गुडघे कधी वाकतात, पलंगाचा डोक्याकडचा भाग आधी खाली का करतात, इकडे माझे लक्षच नव्हते. रात्रपाळीला एवढ्या मोठ्या वॉर्डात दोनच सिस्टर असायच्या, त्यांनी मला बाजूला घेऊन शिकवावे अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची? पण घरी पाठवताना नातेवाइकाकडून एकदा, फक्त एकदा, हे सगळे करून घ्यायला हवे, असे मला आजही मनापासून वाटते. गोळी चुकली तर मेडिकलवाला तरी सांगतो. हात चुकीचा पडला तर सांगणारे कोणी नसते.

पहिले अकरा दिवस आमचे हात चुकीचे पडले. पेज भरवण्यासाठी आम्ही आबांच्या पाठीशी तीन उशा लावून त्यांना उठवून बसवायचो. पाच मिनिटांत ते खाली घसरायचे, आणि मग मी एका बाजूने, भाऊ पलंगावर चढून दुसऱ्या बाजूने, त्यांच्या काखांत हात घालून त्यांना वर ओढायचो. दिवसातून दहा-बारा वेळा तरी हे होत असे. कुशीवर करताना मी त्यांचा लुळा हात मनगटाला धरून माझ्याकडे खेचायची. आबा कण्हत, आणि मला वाटे की ते आजाराचेच कण्हणे आहे. खांद्याचा सांधा स्नायूंच्या ताणावर जागेवर राहतो, स्नायूच लुळे पडले की हाताच्या नुसत्या वजनानेही तो खाली उतरू लागतो, आणि असा हात ओढणे म्हणजे आधीच सैल झालेला सांधा आणखी उसवणे, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझे बोट धरून आबांच्या डाव्या खांद्याच्या टोकाखाली ठेवले, तेव्हा तिथे माझे बोट मावेल एवढी खोबण लागली. उजव्या खांद्याला तसे काही नव्हते. ती खोबण किती आजाराने केली आणि किती माझ्या ओढण्याने, याचा हिशेब मी मनातल्या मनात पुष्कळदा मांडला आहे.

दुसरी चूक पाठीशी होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होतात हे मी ऐकून होते, त्यामुळे रोज सकाळी मी आबांची पाठ पाहत असे, खोबरेल तेलाने चोळत असे आणि वर पावडर टाकत असे. मी लाल डाग शोधत होते. आबांचा रंग सावळा, दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तीस वर्षे उन्हातान्हात ओझी वाहण्याचे माथाडी काम केलेल्या माणसाची पाठ. तिच्यावर लाल डाग लाल दिसत नाही. माकडहाडाच्या वर रुपयाएवढी जागा नुसती अधिक काळपट, जांभळट झाली होती, आणि ती मी चादरीचा वळ समजून तेलाने आणखी जोरात चोळत राहिले. फिजिओ बाईंनी पाहिल्यावर मला तळहाताची मागची बाजू तिथे टेकवायला सांगितली. ती जागा आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम होती आणि आत कडक गाठीसारखी लागत होती. मग त्यांनी दोन बोटांनी दाब देऊन सोडला. धड कातडीचा रंग दाबल्यावर क्षणभर फिका पडतो आणि परत येतो; इथे काहीच बदलले नाही. “हे आतून सुरू झालेले आहे,” त्या म्हणाल्या, “आता इथे चोळायचे नाही, तेल नाही, आणि या जागेवर वजन तर अजिबात नाही.”

त्या रात्री मी झोपले नाही, वाचत बसले. शरीरातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब फार थोडा असतो. युजीन लँडिस या संशोधकाने १९३० मध्ये माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत तो मोजला, तेव्हा रक्त आत शिरते त्या बाजूला तो सरासरी ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका भरला. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर जो १२० चा आकडा सांगतात, त्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा. हा आकडा काही प्रत्येक कातडीला लावायची रेघ नव्हे, पण हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या मांसातून रक्त बंद व्हायला फार मोठे ओझे लागत नाही, एवढे त्यावरून समजते. तुम्ही-आम्ही झोपेत नकळत अंग हलवतो, म्हणून वाचतो. आबांना अंग हलवता येत नव्हते, आणि जे हलवत होते ते ओढून हलवत होते. ओढताना कातडी चादरीला धरून राहते, आतले हाड मात्र पुढे सरकते, आणि त्या दोघांमधल्या वाहिन्या ताणून पिळल्या जातात. डोक्याकडे उंच उशा देऊन बसवले की माणूस आपल्याच वजनाने खाली घसरतो, तेव्हाही हेच होते. म्हणजे भरवताना एकदा, घसरताना एकदा आणि वर ओढताना एकदा, असे दिवसभर मी त्या एकाच जागेवर घाव घालत होते.

दुसऱ्या दिवशी पलंग भिंतीपासून दीड हात पुढे आला. कपाट गॅलरीत गेले, शिवणाचे मशीन शेजारच्या काकूंच्या खोलीत गेले आणि आमची अंथरुणे पलंगाखाली सरकली. दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहू शकेल एवढी वाट झाली. पलंग बुटका होता, त्यामुळे वाकून वाकून माझी कंबर धरली होती. भाड्याने मागवलेला हॉस्पिटलचा बेड आला तेव्हा ती तक्रार गेली. डोके आणि गुडघे वेगवेगळे उचलता येतील अशी दोन हँडल असलेला बेड घ्या, असे बाईंनी सांगितले होते, आणि ते दुसरे, गुडघ्यांकडचे हँडल पहिल्यापेक्षा जास्त कामाला आले. आधी गुडघ्यांखालचा भाग थोडा वर घ्यायचा आणि मगच डोक्याकडचा, म्हणजे माणूस घसरत नाही. मी अकरा दिवस उशांची चळत रचून जे साधू पाहत होते, ते या एका क्रमात होते.

आता मुख्य गोष्ट. आईचे एक जुने सुती लुगडे होते, धुऊन धुऊन मऊ झालेले, पण वीण घट्ट. त्याची चौपदरी घडी घालून आम्ही ती आबांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी अंथरली. वॉर्डात याला ड्रॉ शीट म्हणतात. आमच्या घरी तिचे नाव ‘आईची चादर’ असेच पडले. वर सरकवायचे झाले की पलंग आधी पूर्ण सपाट करायचा, उशी काढून डोक्याकडच्या लोखंडी पट्टीला टेकवून उभी करायची, म्हणजे डोके आपटत नाही. दोघांनी दोन बाजूंना उभे राहून चादरीच्या कडा अंगाच्या अगदी जवळ येईपर्यंत गुंडाळायच्या आणि मुठी घट्ट धरायच्या. पाय फाकवून एक पाऊल डोक्याकडच्या दिशेला, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. आणि जोर हातांनी लावायचा नाही, मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर न्यायचा, म्हणजे चादर आपोआप सरकते. आबांचा उजवा पाय चांगला होता, तो गुडघ्यात वाकवून टाच गादीत रोवायला सांगायची आणि हनुवटी छातीला लावायला सांगायची. निम्मे काम त्यांचेच ते करीत. एकटीने हे करायचे नाही, हा नियम मी कधी मोडला नाही. चाळीत राहण्याचे सुख असे की भाऊ पाळीवर असला तर गॅलरीत नुसती हाक मारली तरी कोणीतरी दोन मिनिटांसाठी येऊन जायचे.

कुशीवर करणे मात्र एकटीलाही जमते. ज्या कुशीवर न्यायचे तिच्या उलट दिशेला माणसाला आधी थोडे सरकवून घ्यायचे, नाहीतर वळल्यावर तो पलंगाच्या अगदी काठावर येतो. मग आपण त्याच्या तोंडाच्या बाजूला, ज्या बाजूला तो वळणार तिथे उभे राहायचे. पलीकडे ढकलायचे नाही, आपल्याकडे वळवायचे, म्हणजे तोल गेला तरी आपले अंग आडवे असते. पलीकडचा गुडघा वाकवायचा, पलीकडचा हात छातीवर ठेवायचा, एक हात खांद्याच्या पात्यामागे आणि एक खुब्यामागे ठेवून सगळे अंग एकदम, ओंडक्यासारखे वळवायचे. लुळ्या कुशीवर निजवले तर तो खांदा हलकेच पुढे काढून घ्यायचा, तो अंगाखाली चेंगरता कामा नये. चांगल्या कुशीवर असतील तेव्हा लुळ्या हातासाठी पुढे उशी ठेवायची.

हे सगळे बाईंनी दोन फेऱ्यांत शिकवले, आणि तरीही तिसऱ्या दिवशी मी दुपारची कूस बदलायला गेले, पांघरूण बाजूला केले आणि सवयीने खुब्याला हात घातला, तेव्हा आबांचे सगळे अंग ताठ झाले. त्यांनी उजव्या हाताने पलंगाची दांडी गच्च पकडली. मला वाटले दुखते आहे. त्यांनी बोलायला वेळ घेतला, शब्द जड येत होते, पण वाक्य पुरे केले: “पोरी, आम्ही पोतंसुद्धा न सांगता कुणाच्या पाठीवर टाकत नव्हतो गं.”

माथाड्यांचे काम मी लहानपणी दाणाबंदरात डबा द्यायला जात असे तेव्हा पाहिलेले आहे. त्या वेळी पोते १०० किलोचे असे; ते दोघे जण उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात. तिसरा आधी पाय रोवून, गुडघ्यात वाकून, मान एका बाजूला घेऊन तयार होतो आणि तोंडाने सांगतो. तो सांगेपर्यंत वरचे दोघे ओझे धरून थांबतात. त्या एका शब्दाआधी पोते पडले तर मणका जातो. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडींसाठी कायदा झाला, मंडळे आली, मजुरीची आणि हक्कांची बोलणी झाली. पण हा शब्द कुठल्या कायद्यात नव्हता, तो त्यांचा आपसातला होता, आणि आबांनी तो तीस वर्षे पाळला होता. आता त्यांच्याच अंगाचे ओझे झाले होते आणि मी ते न सांगता उचलत होते.

त्या दिवसापासून मोजायचे काम आबांचे. मी समोर येऊन उभी राहायची, कुठल्या कुशीवर जायचे आहे ते सांगायची, हात ठेवते आहे हे सांगायची, आणि मग थांबायची. ते एक म्हणत, दोन म्हणत. तीनला कधी कधी वेळ लागे, कारण जीभ वळत नसे. त्या मधल्या वेळात काही न करता उभे राहणे ही मला सगळ्यांत अवघड गेलेली गोष्ट. चुलीवर दूध असे, दाराशी कोणी असे, आणि हात आपोआप पुढे जाऊ बघत. पण तीन त्यांच्या तोंडून आले की उजवा पाय स्वतःहून रेटा देई, मान वळे, अंग सैल सुटे, आणि मला आधी लागत होते त्याच्या निम्मेही बळ लागत नसे. घाबरलेले अंग आवळले जाते आणि आवळलेले अंग जड होते, हे मी माझ्या मनगटांत अनुभवले आहे. खांद्याचे कण्हणेही हळूहळू थांबले.

आबांची एक सूचना मी पुढे फिजिओ बाईंना सांगितली तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमच्या पुस्तकात हेच लिहिलेले असते. सूचना अशी होती: “लांबून धरू नको. ओझं पोटाला लाव.” मी अंग चोरून, हात लांब करून त्यांना वळवत होते, मुलीने बापाच्या अंगाशी एवढे लगटून कसे उभे राहायचे, या संकोचाने. त्यांनी तो संकोच ओळखला होता, म्हणून ते ओझ्याच्या भाषेत बोलले.

रात्रीचे वेळापत्रक आम्ही घड्याळाऐवजी बाहेरच्या आवाजांवर बसवले. दहाला जेवणानंतरची आवराआवर, मग हार्बरची शेवटची गाडी गेल्याचा आवाज, त्यानंतर एकच वेळ मोबाइलच्या गजराची, आणि पहाटे नळाला पाणी येते तेव्हाची. दोन तासांचा हा नेम आला कुठून, हे मी शोधले तेव्हा लुडविग गुटमान हे नाव सापडले. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे त्यांनी पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. त्या काळी असे जखमी मुख्यतः अंथरुणातल्या जखमांनी आणि लघवीच्या विकारांनी मरत, आणि त्यांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायचेच, असा गुटमान यांचा आग्रह होता. ज्यांच्या वाट्याला मरण ठरलेले मानले जाई, त्यांच्यातूनच पुढे खेळाडू उभे राहिले. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ त्याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ मध्ये झालेल्या स्पर्धांत आहे. हे वाचल्यावर पहाटेची वेळ मला पूर्वीइतकी जड वाटली नाही. तरी दोन हा आकडा सगळ्यांना सारखाच लागू नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धनिवासांत केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चांगल्या दाट फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी वळवण्यात जखमांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. आमच्याकडे सुरुवातीला काथ्याची गादी होती आणि जखम आधीच सुरू झालेली होती, म्हणून आम्ही दोनलाच चिकटून राहिलो. पुढे हवेची गादी आणली; तिच्यातल्या नळ्या आळीपाळीने फुगतात, पण ती आली म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही.

कुशीवर पूर्ण आडवे निजवणेही बरोबर नाही, हे मला उशिरा कळले. तसे केले की सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो आणि तिथे कातडीखाली मांस फारसे नसतेच. म्हणून पाठीमागे उशी लावून अंग साधारण ३० अंशांत कलते ठेवायचे, म्हणजे भार ढुंगणाच्या मांसल भागावर पडतो. उशी लावून झाली की मी प्रत्येक वेळी तळहात माकडहाडाखाली घालून पाहत असे. हात मोकळा फिरला तर ठीक, अडला तर उशी पुन्हा लावायची. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, नाहीतर घोट्यावर घोटा घासतो. पोटऱ्यांखाली लांब उशी, अशी की टाचा हवेत राहतील. लघवीची नळी अंगाखाली सापडली नाही ना आणि पिशवी पलंगाखालच्या बाजूलाच लटकते आहे ना, हे बघायचे. आणि शेवटी चादरीवरून हात फिरवायचा, कारण एका सुरकुतीचा वळ दोन तासांत कातडीवर उमटतो. गोल भोक असलेली रबराची उशी कोणीतरी प्रेमाने आणून दिली होती. ती तशीच परत केली, कारण मधली जागा मोकळी राहिली तरी कडेच्या गोलावर दाब वाढतो आणि आतला रक्तपुरवठा उलट आवळला जातो. हातमोज्यांत पाणी भरून टाचांखाली ठेवायचा उपायही अनेक जण सांगतात. साधी उशी त्याहून बरी.

जखम भरायला सात आठवडे लागले. ती उघडी पडली होती, पण हाडापर्यंत गेली नाही. आबा त्यानंतर दीड वर्ष होते, आणि त्या दीड वर्षात दुसरी जखम झाली नाही. ही गोष्ट मी कोणालाही सांगते तेव्हा माझा आवाज बदलतो, हे माझ्या लक्षात आले आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच चाळीत पहिल्या मजल्यावरच्या आजी खुब्याच्या फ्रॅक्चरचे ऑपरेशन होऊन घरी आल्या. त्यांची सून मला बोलवायला आली, “ताई, जरा बघता का, मला जमत नाहीये.” मी कपाटातून आईची चादर काढली आणि खाली गेले. पलंग अर्थात भिंतीला चिकटलेला होता. आजींच्या पायाला किती वळण चालेल, कोणती कूस चालेल, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यायला मी सुनेला सांगितले. तिने लगेच फोन लावला, सगळे कागदावर लिहून घेतले, आणि आम्ही पलंग ओढून पुढे घेतला. मग सून काखेत हात घालायला वाकली तेव्हा मी तिचा हात धरला आणि आजींच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटले, “आजी, आता तुम्हाला थोडं कलतं करायचंय. डॉक्टरांनी दोन्ही बाजू चालतील म्हटलंय, पायांत उशी ठेवून. कुठं बघायचं तुम्हाला?”

आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भिंतीकडं नको बाई. आठ दिस भिंतच बघतीय. दाराकडं कर, आल्यागेल्याचं तोंड तरी दिसंल.”